नायकासाठी थांबलेला पूल

चर्चच्या तरुणांच्या शिबिरात चित्रपटाचे यंत्र चालवायला ते दरवर्षी अकोल्याहून अमरावतीला येत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पूर, आग, भूकंप, पडद्यावर काहीही असो, यंत्रामागून त्यांची बडबड चालूच.

“पाहा बे, सारं गाव बुडालं, पण हिरोचा भांग नाही मोडला! पूल बी कसा पडाचा थांबून राहिला त्याच्यासाठी!”

आम्ही खिदळायचो. ते स्वतः कधी हसत नसत.

एका वर्षी पुराचा चित्रपट संपला आणि रिवाजाप्रमाणे उभे राहून देवाच्या कृपेची साक्ष देण्याची वेळ आली. पाळक म्हणाले, “नायकाने प्रार्थना केली, म्हणून तो वाचला.”

साक्षीला कधीच न उठणारे मामा उठले.

“पाळकसाहेब, मोर्णेच्या पुरात माही बायको गेली. तीबी प्रार्थनाच करून राहिली होती. मंग तिले काहून नाही वाचवलं?”

पाळकांनी घाईने गीत सुरू करायला सांगितले. मामा खाली बसून रीळ उलटे गुंडाळू लागले.

पुढच्या वर्षी यंत्रावर दुसराच माणूस होता. विचारणाऱ्याला काढले, चित्रपट तेवढा जपून ठेवला. पूल पुन्हा नायकासाठी थांबला, आणि तंबूत कोणी हसलेसुद्धा नाही.