दाजीच्या टॅक्सीचं नाक

कुडाळच्या आमच्या गॅरेजात गंजके बोल्ट आपोआप साठायचे, तसेच किस्सेही. बोल्ट भंगारवाल्याने नेले, किस्से कोण नेणार? त्यातले बरेचसे दाजीच्या टॅक्सीचे. तेव्हा आमच्याकडे पूल कुठले हो! ओहोटी लागली की वालावलकडच्या खाडीच्या उतारातून, म्हणजे जिथे पाणी उथळ व्हायचं तिथून, दाजी गाडी पलीकडे घालायचा. आजारी माणसाला न्यायला दुसरी गाडीच नव्हती.

एकदा त्याची बायकोच बाळंतपणात अडली. ओहोटीची वाट बघायला सवड नव्हती. उताराच्या मध्यावर इंजिनाने पाणी ओढलं आणि गाडी बसली. होडी येईपर्यंत मागच्या सीटवर सगळं संपलं होतं.

*

दिवसकार्य उरकून दाजी मुंडलेल्या डोक्याने गॅरेजात आला. आमचे आबा मिस्त्री चहा पीत होते.

"आबा, इंजिनाक हवा टपावरसून व्हयी."

"असलो पार्ट कंपनी देणा नाय रे."

"मगे तुमी दिया."

आबांनी दिला! विहिरीच्या पंपाचा जुना पाइप कार्बुरेटरपासून काचेच्या कडेने थेट टपावर नेला. सांधे सायकलच्या ट्यूबने आवळले. जाळी कुठली मिळायला? धूळ अडवायला तेलात भिजवलेला काथ्या तोंडात कोंबला.

"दाजी, तुझ्या गाडीचा नाक कपाळार इला," आबा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

दाजीने टपावर चढून चालू गाडीच्या पाइपाच्या तोंडावर तळवा दाबला. इंजिन गुदमरून बंद पडलं. म्हणजे सांध्यातून कुठेच हवा आत येत नव्हती. "बरा झाला," एवढंच म्हणून तो उतरला. आमचं हसणं तिथेच राहिलं.

*

दसऱ्याला गाव गाडीची पूजा करायचं. त्या वर्षी लोकांनी झेंडूचा जाड हार बोनेट सोडून पाइपाच्या तोंडाला गुंडाळला. मान नाकाला! दाजी उतारात गेला आणि बरोबर मध्यावर इंजिन धापा टाकायला लागलं. आत पेशंट नव्हता. तरी दाजी धडपडत टपावर चढला आणि हार सुटेना तसा त्याने दातांनी तोडला.

आबांनी काथ्यातून पाकळ्या उपसून काढल्या. गावात बोभाटा झाला की दाजीने देवाचा हार खाडीत फेकला. पुढच्या दसऱ्याला तो पाइपापाशी काठी घेऊन उभा होता.

"हार खंय व्हयो थंय घाला. हयसून ती श्वास घेता."

*

त्या दसऱ्यानंतर परतीच्या पावसात एक अडलेली बाई पलीकडे न्यायची होती. पाणी चढत होतं. गाडी अडली तर गॅरेजातलं कुणी हाताशी असावं म्हणून मी दाजीशेजारी बसलो. मागे ती बाई आणि तिची सासू.

मध्यावर पाणी दारातून आत आलं. पायाखालून गार पाणी वर चढलं, पण इंजिन टपावरून हवा घेत चाललं होतं. दाजीने स्टेअरिंग धरलेलं, नजर समोर. किनाऱ्याचा चढ लागला तेव्हा तो हळूच म्हणाला,

"बंद पडूक नाय गो. बघ."

मागून ती बाई कळ सोसत म्हणाली, "व्हय दाजीनू, बघतंय."