बंद हॉल्टवरची घंटा

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. भूतबाधा, चकवा, अंगात येणं... मला यातलं काही पटत नाही. अंगात आलेल्या बाईला 'आधी पाणी पी' म्हणणारी मी! तरी हे लिहिते आहे, कारण ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आम्ही तेव्हाही बदनापूरलाच राहायचो. हे शाळेत मास्तर, घर शाळेला लागूनच. बदनापूर–जालना मोटारीला तेव्हा एवढी गर्दी, की बाजाराच्या दिवशी लोक टपावर कापसाच्या गाठोड्यांत बसायचे. पेट्रोल मिळेना म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागं भट्टी, आत आम्ही, आणि सगळ्यांच्या नाकात काजळी!

वाटेत रेल्वेचा एक जुना हॉल्ट लागायचा. मोटार सुरू झाली, उतारू तिकडे वळले आणि हॉल्ट बंद पडला. गाड्या न थांबता जात राहिल्या, पण फाटक गेलं, घंटाही गेली. घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. तो यांनीच मागून आणून शाळेत लावला. त्याला एक चीर होती, त्यामुळे ठोक्यामागून किंचित थरथर ऐकू यायची. दिवसभर तो आवाज माझ्या घरात असायचा. कुठंही ओळखेन मी तो.

मोटारीचे ड्रायव्हर कासिममामू आधी त्याच हॉल्टवर फाटकवाले होते. रस्ता तिथंच रूळ ओलांडायचा. मामू दर खेपेला इंजिन बंद करत, उतरून रुळापर्यंत जात, दोन्हीकडं कान देत आणि मगच निघत. गॅसची मोटार पुन्हा चालू करायची म्हणजे हँडल मारून मारून दम निघायचा. लोक चेष्टा करत, "मामू, स्टेशनमास्तरला सलाम करून आले का?" मामू हसत, पण नेम मोडत नसत. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटे.

त्या थंडीत एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटाला हात लावला आणि म्हणाली, "मूल आडवं हाय. जालन्याला दवाखान्यात न्या, जल्दी."

मोटार मिळाली, पण धुकं इतकं की रस्ता दिसेना. हॉल्ट जवळ आला तसे हे मामूंपाशी गेले. "मामू, आज नका थांबू. इंजिन बंद केलं तर पुन्हा कधी चालू होईल? हिचं काही खरं न्हाई."

मामूंनी वळून माझ्याकडं पाहिलं. "बेटी, घाबरू नको," म्हणाले, आणि पहिल्यांदाच न थांबता मोटार पुढं घेतली.

तेवढ्यात घंटा वाजली. खण्ण... आणि मागून ती थरथर. पुन्हा खण्ण...

कळ विसरून मी ओरडले, "अहो, ही तर आपल्या शाळेची!"

मामूंनी करकचून ब्रेक दाबला. गचका बसला, इंजिन बंद पडलं. क्षणभर काहीच नाही — आणि मग धुक्यातून मालगाडी आली, आमच्या तोंडासमोरून धडधडत गेली. डब्यामागून डबे! शिट्टी आमच्यापैकी कुणालाच ऐकू आली नव्हती. शेजारची म्हातारी माझा हात घट्ट धरून बसली होती. मग टपावरच्यांसकट सगळे उतरले, कुणी ढकललं, कुणी हँडल मारलं... आणि आम्ही जालन्याला पोचलो. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढं मामू बाळ बघायला घरी आले. हे म्हणाले, "मामू, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. कुलूप मीच लावलं होतं. अन् घंटा इतक्या लांब ऐकू येती का कधी?"

"मास्तर, घंटा झाली का फाटक लावायचं. फाटक न्हाई, तर मोटार थांबवायची. कोणी वाजवली, ते बघायचं काम माझं न्हाई." मग बाळाकडं बघत हळूच म्हणाले, "नेम मोडला मी त्या दिवशी. आता कोणासाठी मोडणार न्हाई. हिच्यासाठीबी न्हाई."

अशा माणसाला काय म्हणावं? मी तर डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला.

भास म्हणावा, तर साऱ्या मोटारीनं ऐकलं. वारा म्हणावा, तर त्या धुक्यात पानसुद्धा हलत नव्हतं. उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मुलगी आता त्याच शाळेत जाते. घंटा झाली की दप्तर उचलून पळते. मी मात्र हातातलं काम सोडून, घंटा थांबेपर्यंत जागची हलत नाही.