मुलीच्या दारावरून जाणारा आतला रस्ता

अर्जदार: मी, वय बावन्न, धंदा अर्जलेखन, बसण्याची जागा बीडच्या कचेरीसमोरचे लिंबाचे झाड. सामनेवाली: माझी एकुलती मुलगी, हल्ली मुक्काम सासरी, उमापूरच्या अलीकडे. साक्षीदार: माझी पत्नी. दिवस: आम्ही दोघे पैठणचे धरण पाहून परत निघालो तो मागचा रविवार.

हकीकत येणेप्रमाणे.

पैठण सोडताच पत्नी म्हणाली, "अवो, हायवेनं नको. आतल्या रस्त्यानं चला. कापूस फुटलाय, बघत बघत जाऊ."

"कापूस कधी बघितला न्हाईस का?"

"तुमी समोर बघून चालवा."

तिचा उद्देश माझ्या ध्यानात आला होता. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी माझ्या मसुद्यात खोट काढणारा वकील मला अद्याप भेटलेला नाही. घरातला डाव कळणार नाही असे नाही. तथापि मी हरकत घेतली नाही. कालव्याला पाणी सुटले होते, काठावर बगळे होते, पलीकडे ऊस आणि कापसाने पांढरी झालेली रानं. पत्नी 'बघा, बघा' म्हणत होती. मी बघत होतो. बरे वाटले नाही, वाईटही वाटले नाही. दीड वर्षापासून माझी प्रकृती अशीच आहे.

दीड वर्षापूर्वी मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केले. त्याच आठवड्यात मी वर्तमानपत्रात जाहीर निवेदन दिले, की सदर मुलीशी आमचा कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही. बापलेकांच्या भांडणात मी लोकांना लिहून देतो तोच मजकूर. फक्त 'मुलगा' खोडून 'मुलगी' केले. भाषेत चूक नव्हती.

मुलीच्या दारापुढे पत्नीने गाडी थांबवायला लावली आणि ती आत गेली. मी जागेवरच बसून राहिलो. काही वेळाने मुलगी तांब्या घेऊन खिडकीशी आली. तिला सातवा महिना आहे हे मला तेव्हा समजले; पत्नीला आधीच ठाऊक होते.

"पाणी घ्या, अप्पा."

मी प्यालो. म्हणालो, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. बस गाडीत."

"कशी बसू? संबंध न्हाई म्हणून छापलंय तुमी. कात्रण ठेवलंय मी."

"ते तसंच लिहायची पद्धत असती."

"मग आता उलटं लिहा. तोंडी न्हाई चालायचं. तोंडी बोलण्याला काडीची किंमत न्हाई, हे तुमीच शिकवलंय."

"सगळ्या तालुक्याचे अर्ज लिवता," मागून पत्नी म्हणाली, "एक घरचा लिवा की."

"आन् वर कोर्ट-फीचं तिकीट चिकटवायला इसरू नका," मुलगी म्हणाली. दोघी हसल्या. मला हसू आले नाही. रागही आला नाही.

पुढे बीडपर्यंत पत्नी एकदाही 'बघा' म्हणाली नाही.

सोमवारपासून रोज प्रयत्न करतो आहे. अशा अर्जाचा नमुना माझ्या दप्तरात नाही. आजवर कोणी मागितलाही नव्हता. निवेदन चारचौघांत छापले होते, म्हणून हा अर्जही घडले तसा चारचौघांसमोरच लिहिला आहे.

सबब विनंती, की सदर निवेदन मी मागे घेतले आहे. सामनेवालीने बाळंतपणासाठी माहेरी यावे. येणार किंवा नाही, याचे उत्तर मिळावे. उत्तर तोंडी दिले तरी चालेल.