धूर नसलेली शेगडी

माझी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी शिरपूरजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा तिच्या बाजेखाली शेगडी असणार हे गृहीतच होते. आमच्याकडची रीत काटेकोर आहे. बाभळीचे निखारे अंगणात फुलवायचे, धूर पूर्ण जिरला की खोलीत आणायचे आणि वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबायच्या. सारी खबरदारी धुराविरुद्ध. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग ना वास, आणि तो याच स्वच्छ दिसणाऱ्या निखाऱ्यांतून निघतो.

मी धुळ्यात घरांतली हवा मोजण्याचे काम करते. यंत्र बॅगेत असतेच. थंडीच्या सुट्टीत घरी पोचले तेव्हा बहिणीचे डोके दुखत होते. बाळंतपणाचा अशक्तपणा, असा घरचा निष्कर्ष. मी आधी मोजले. मोकळ्या शेतात यंत्राने शून्य दाखवले होते; बहिणीच्या उशीपाशी आकडा धोक्याची पातळी ओलांडूनही चढतच राहिला आणि यंत्र वाजू लागले. बाळाला उचलून, बहिणीला धरून मी ओसरीवर आणले. खिडकी उघडली, शेगडी अंगणात नेली.

मोठी आत्या, म्हणजे आमची अक्का, शेगडीपाशीच उभी राहिली. घरात शेवटचा शब्द तिचा.

“धूर कोठे शे? दखाड माले.”

“धूर नाही अक्का, म्हणूनच कळत नाही.”

“आमना बठ्ठा पोरे आठेच वाढनात. तुना डबाले काय समजस?”

“जे वाढले ते सांगायला आहेत. जे वाढले नाहीत, त्यांना कोण विचारणार?”

शेगडी पुन्हा आत न्यायला तिने तिचे कान धरले. मी खोलीच्या दारात आडवी उभी राहिले.

“पोरले थंडी वाजनी त?”

प्रश्न रास्त होता. “दुपटी बाहेर तापवून आत नेऊ.”

“तूच कर मग.”

“करते.”

बहिणीला आणि बाळाला शिरपूरला डॉक्टरांना दाखवून परतलो, तोवर आत्याने शेजारणींना सांगून ठेवले होते की शिकलेल्या पोरीने बाळंतिणीची आग विझवली. चूक. आग अंगणात नीट पेटलेली होती. सर्वांसमक्ष मी शेगडीशेजारी पाट घेतला आणि पहिले दुपटे निखाऱ्यांवर धरले.