देवाच्या गळ्यात ठेवलेली माळ

तिसगावच्या गोजरबाईंचं दारूशी लहानपणापासून वैर. बाप त्यातच गेला होता. म्हणून गहिनीनाथांचं स्थळ आलं तेव्हा जमीन किती, विहिरीला पाणी किती, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. पोरगा माळकरी आहे म्हटल्यावर मान डोलावली. माळकऱ्यानंही शब्द राखला. डोकं पांढरं झालं, तरी वावरातून घरी आणि घरून देवळात, एवढीच त्यांची वाट.

गेल्या साली डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं. रोज एक गोळी घ्यायला सांगितली आणि तेलकट बंद. गोजरबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यात मुलगा अमृत नगरहून सुट्टीला आला आणि मोबाईलवर एक व्हिडिओ लावून बसला. लाल वाइनमध्ये म्हणे काळ्या द्राक्षांच्या सालीतलं सत्त्व उतरतं, ते नसांत चरबी साठू देत नाही. शहाण्यानं येताना बाटलीही आणली होती.

"दारू न्हाई ती आई. औशिद म्हणून घोटभर घ्यायचं."

"मी माळकरी हाय," एवढंच म्हणून गहिनीनाथ उठून गेले.

तिथंच हे मिटायला हवं होतं. पण गोजरबाई पुरत्या घाबरल्या होत्या. त्या नवऱ्याच्या खनपटीला बसल्या. "तुमाला काय झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू?" शेवटी त्यांनीच गहिनीनाथांच्या गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यातल्या विठोबाला घातली. रात्रीपुरती देवानं सांभाळायची, सकाळी आंघोळ झाली की परत गळ्यात, असं ठरलं.

सुरुवातीला गहिनीनाथ तोंड वाकडं करून प्यायचे. मग तोंड वाकडं होईना. घोटाचा पेला झाला. वाइन संपली की अमृतची वाट कोण बघत बसणार? फाट्यावर मिळेल ती बाटली घरात येऊ लागली. सकाळी माळ घालायची राहू लागली. औषध चाललंच आहे म्हणून गोळीही सुटली.

पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टर चिडले. कोलेस्टेरॉल होतं तिथंच, आणि रक्तातली दुसरी एक चरबी पिण्यानं चढलेली. "त्या सालीतल्या सत्त्वाचा माणसाला किती गुण येतो, हे अजून नक्की ठरलेलं नाही. एवढी हौस होती तर द्राक्षं खायची. गोळी बंद करायला कुणी सांगितलं?" गोजरबाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

घरी येताच त्यांनी विठोबाच्या गळ्यातली माळ काढून नवऱ्यापुढं धरली. "चुकलं माजं. घाला."

गहिनीनाथांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "आता घालवत न्हाई," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता दिवस मावळला की ते ओसरीवर येऊन बसतात. गोळी पुढं केली तर म्हणतात, "आदी ते दे, मग घेतो." नाही दिलं तर गोळी तशीच राहते, आणि ते गाडी काढून फाट्याची वाट धरतात. डॉक्टरांनी दोन्ही बजावलंय, गोळी चुकवू नका आणि दारू बंद करा. एकीसाठी दुसरी द्यावी लागते, हे त्यांना कसं सांगणार?

म्हणून गोजरबाई आधी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतात. मग स्वतःच्या हातानं पेला भरतात.