अळणी मंगळवार आणि सर्व्हरचं आवतण

"गटाची साइट घटस्थापनेच्या आत चालू होऊ दे, अकरा मंगळवार अळणी जेवण," असा नवस मी गणपतीला बोलले होते. राहुरीच्या आमच्या घरात ओसरीलाच 'ऑफिस' म्हणतात. माझा मुलगा नीलेश आणि त्याचा पार्टनर सागर, दोघं इंजिनियर, तिथं बसून वेबसाइटी बनवतात. देवाला मी रोज एक फूल वाहते, अन् ओसरीवर रोज एक किस्सा जमा होतो!

*

आमच्या बचत गटाच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरी त्या साइटवर यायच्या होत्या. बायांनी भाजणी दळून ठेवलेली, अन् स्क्रीनवर एररची लाल ओळ!

"आई, साइट एका पत्त्यावर, ऑर्डरी घेणारा सर्व्हर दुसऱ्यावर. ही साइट आपलीच, असं सर्व्हरनं सांगितलं नाही की ब्राउझर अडवतो."

"मग सांगायला लावा की त्याला!"

"तेच शोधतोय."

चार दिवस शोधत होते.

*

एका दुपारी सागर ओरडला, "काकू, झालं!"

पठ्ठ्यानं स्वतःच्या लॅपटॉपवरची ब्राउझरची राखणच बंद केलेली. शेजारच्या सुमनबाईंच्या मोबाइलवर ठणठणाट तसाच.

त्या म्हणाल्या, "मंग समद्या गिऱ्हाइकांनी तुझ्या मांडीवर बसून चकल्या मागवायच्या व्हय रे?"

*

मग पोरांनी सर्व्हरवर साइटच्या नावाऐवजी 'कुणीही या' अशा अर्थाची चांदणीची खूण (*) लावली. लॉगिन केलं, की ब्राउझर पुन्हा आडवा!

"लॉगिन असलं की चांदणी चालत नाही. साइटचं नावच घ्यावं लागतं," नीलेश कुरकुरला.

म्हटलं, "अरे, हळदीकुंकवाला 'या गं सगळ्या' म्हटलं तर कोण येतं? आवतण नाव घेऊनच द्यायचं असतं. कॉलेजात शिकवत नाहीत का हे?"

*

नाव घातलं, तरी लाल! ऑर्डर पाठवण्याआधी ब्राउझर सर्व्हरला नुसतं 'पाठवू का?' विचारतो म्हणे. यांनी लॉगिनची तपासणी आधी ठेवलेली, परवानगी नंतर.

सुमनबाईंनी कपाळाला हात लावला. "दारात 'येऊ का' इचारणाऱ्यालाच आधार कार्ड मागता? लई शाने हाय तुमी!"

दोन ओळींची अदलाबदल केली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेवगावहून पहिली ऑर्डर आली, अनारशांची!

*

पुढच्या मंगळवारी दोघं जेवायला बसले. पहिल्याच घासाला नीलेश थांबला.

"आई, आमटीत मीठ नाही!"

सागरनं माझ्या ताटात डोकावलं. तिथं मीठ, लिंबू, लोणचं, सगळं.

"काकू, नवस तर तुम्ही बोलला होता ना?"

"बोलले मीच. पण जेवणार कोण, ते देवाला तेव्हाच सांगून ठेवलंय."

तुमच्याही घरात एखादा इंजिनियर असेल, तर बायांनो, नवस जरूर बोला. देव ऐकतो. फक्त नाव घेऊन बोला!