चतुराबाईंनी थांबवलेलं प्रभुभोजन

रेणापूरच्या आमच्या मंडळीत चाळीसेक घरं. पाळकसाहेब नांदेडहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार पंचांपैकी कुणीतरी उपासना चालवतं. चतुराबाई पंचांत कधीच नव्हत्या. त्यांनी मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पन्नाशीत त्यांनी नांदेडला राहून दोन वर्षं बायकांच्या धर्मशिक्षणाचे वर्ग केले. पहिल्या तीनशे वर्षांतले ख्रिस्ती लोक कुठं जमायचे, एकत्र कसे जेवायचे, आजाऱ्याच्या घरी भाकरीचा वाटा कसा पोचवायचे, हे सगळं त्यांनी एका वहीत उतरवून घेतलं होतं. त्या वहीची आम्ही थट्टा करायचो.

पंचांत चालायचं दोघांचं. श्रीमंत आणि सुदर्शन, चुलतभाऊ. सुदर्शनच्या मुलाने शिरूर अनंतपाळच्या महादेवप्पा किराणावाल्यांच्या मुलीशी, वर्षाराणीशी, कचेरीत जाऊन लग्न केलं. मुलगी लिंगायत घरातली. लग्नानंतर माहेरचं दार बंद झालं. मुलगा उदगीरला गॅरेजात कामाला, रविवारीच घरी यायचा, कधी तेव्हाही नाही. वर्षाराणी सासूबरोबर दर रविवारी चर्चला येऊन मागच्या चटईवर बसायची. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तिला त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, शिकवलंही नव्हतं.

गेल्या इस्टरला प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी आणि प्याला घेण्याच्या वेळी सगळे उठले तशी तीही उठून ओळीत उभी राहिली. प्याला श्रीमंतच्या हातात होता. तिच्या गळ्यातला इष्टलिंगाचा दोरा त्याला दिसला आणि त्याने प्याला मागे घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आपली न्हाई."

मुलीचा हात तसाच पुढे राहिला. सुदर्शनने वेदीसमोरच श्रीमंतची गचांडी धरली. प्याला सांडला. दुसऱ्या दिवशी श्रीमंतने चर्चला कुलूप घातलं, त्यावर सुदर्शनने स्वतःचं घातलं. दोघांनी एकमेकांवर पोलिसांत तक्रारी दिल्या. सात रविवार आमची उपासना झाली नाही. बाजारात मंडळीतली माणसं एकमेकांना पाहून रस्ता बदलू लागली.

आठव्या आठवड्यात चतुराबाई दुखऱ्या गुडघ्याने घरोघर फिरल्या. रविवारी उपासना माझ्या घरी, येताना जेवण घेऊन या, एवढंच सांगत होत्या. चर्चशिवाय उपासना कशी, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, पहिली तीनशे वर्षं चर्च कुठं होतं? कुणाच्या तरी घरातच जमायचे, पुष्कळदा बाईच्या घरात.

रविवारी पाळकसाहेब सकाळच्या एसटीने आले. दोन खोल्या आणि पत्र्याखालचं अंगण, तीस-पस्तीस माणसं. कुणी न सांगता एका भिंतीला श्रीमंतकडचे बसले, दुसऱ्या भिंतीला सुदर्शनकडचे. श्रीमंत चार जणांना घेऊन आला होता. सुदर्शन आला नाही. माझ्या घरातला जो कुणी तिथं जाईल त्याने परत येऊ नये, असा त्याचा निरोप मात्र सगळ्यांना माहीत होता. आणि पहिलं गीत चालू असताना वर्षाराणी एकटीच आली. उंबऱ्याजवळ बसली. गीत मध्येच विस्कटलं.

वाचन झालं, प्रार्थना झाली. मध्ये चटईवर कापडाखाली एक पोळी आणि मनुकांच्या रसाचा प्याला. चुलीवर येसराची आमटी उकळत होती. पाळकसाहेब कापड उचलणार तोच श्रीमंत उभा राहिला. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाला की पहिले लोक भाकरी मोडण्याआधी बाप्तिस्मा नसलेल्यांना बाहेर पाठवायचे. हे मी मनाचं सांगत नाही, अक्कांच्या वहीत आहे, त्यांनीच मला एकदा वाचून दाखवलं होतं. मग ही पोरगी आत कशी?

पाळकसाहेबांनी चतुराबाईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "बाहेर धाडायचे."

वर्षाराणी उठून चपला शोधू लागली. सुदर्शनकडची दोन पोरं ताडकन उभी राहिली. मी दाराशी होतो, एकाचा दंड मी धरला.

"पर त्याच्या आधी तीन-तीन वर्षं शिकवायचे," चतुराबाई बोलतच होत्या. "मंडळीतलं एक मानूस त्येच्यासाठी जामीन उभं ऱ्हायचं. ह्या लेकराचा हात कुनी धरला? म्या बी न्हाई धरला." मग त्या श्रीमंतकडे वळल्या. "आन् त्याच पानावर आनखी एक हाय. भाकरी मोडायच्या आधी सगळे एकमेकाला शांतीची सलामी द्यायचे. ज्याचं भावासंगं भांडन, त्यो बी मिटंपर्यंत भाकरीला बसत नव्हता. श्रीमंत, तुझं आन् सुदर्शनचं मिटलं का?"

"अक्का, मला बाहेर काढायलात का?"

"आपन दोघं बी जाऊ. मला बी ह्या पोरीची माफी मागायची हाय."

आणि त्या भिंतीचा आधार घेत उठल्या, माणसांमधून वाट काढत बाहेर गेल्या. आत पाळकसाहेब कापडावर हात ठेवून बसून राहिले. श्रीमंतच्या माणसांनी त्याला चला म्हणून खूण केली. तो बाहेर पडला तो नमून नाही, रागानेच. मोटारसायकलला किल्ली लावली. आता ही मंडळी कायमची फुटली, असं माझ्या मनात आलं.

पायरीवर चतुराबाई वर्षाराणीचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. ती मुलगी उठली आणि मोटारसायकलसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मामा घरीच हायेत," ती म्हणाली. "मी येते संगं."

सासऱ्याला ती मामा म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून ती श्रीमंतशी पहिल्यांदाच बोलत होती. श्रीमंतने किल्ली काढून खिशात टाकली. गाडी तिथेच सोडून तो चालू लागला, आणि त्याच्या मागे दहा पावलांवर ती.

आम्ही थांबलो. लेकरांना कोरडी भाकरी दिली. सुदर्शनची गल्ली जवळच, तिकडून ओरडण्याचा आवाज आला. पोरं धावणार होती, चतुराबाईंनी दारात आडवा हात धरला. मग आवाज एकदम थांबला, आणि ते जास्तच वाईट वाटलं. पाऊण तासाने तिघं येताना दिसले. श्रीमंतच्या चष्म्याची एक काडी वाकली होती.

सुदर्शन उंबऱ्याबाहेरच थांबला. "म्या माफ केलेलं न्हाई," तो म्हणाला. "सूनबाई म्हनली म्हनून आलो."

चतुराबाई म्हणाल्या, मग आज भाकरी मोडायची नाही, नुसतं जेवायचं. प्रभुभोजनासाठी आठ आठवडे उपाशी असल्यासारखे लोक आले होते; काहींना ते फार लागलं, एक म्हातारा तर रडला. पण पाळकसाहेबांनी कापड नीट केलं आणि चटई बाजूला घेतली. आमटी वर्षाराणीने वाढली. श्रीमंतने तिच्याकडे न बघता वाटी पुढे केली.

प्रभुभोजन त्यानंतर दोन महिन्यांनी झालं. त्याआधी तक्रारी मागे घेतल्या गेल्या, चर्च उघडलं, आणि एका रविवारी श्रीमंतने भर मंडळीत वर्षाराणीची माफी मागितली. मोजकेच शब्द होते, कागदावर लिहून आणलेले. सुदर्शन अजून त्याच्या घरी जात नाही. पण महिन्याचा पहिला रविवार आम्ही कुणाच्या तरी घरी करतो, आधी सगळे मिळून जेवतो, आणि अंथरुणाला खिळलेल्यांचा वाटा उपासनेनंतर घरी पोचवतो. ते काम पंचांनी ठराव करून चतुराबाईंकडे दिलं. वर्षाराणीसाठी जामीनही त्याच उभ्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी शिकवतात. दोरा काढ म्हणून त्यांनी तिला कधी सांगितलेलं नाही. बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही, आणि कुणी घाई केली की चतुराबाई म्हणतात, वर्ष तरी पुरतं कुठं झालंय.

भाकरी मोडायची वेळ आली की ती आपणहून उठून अंगणात जाते. आता तिच्यासोबत दर वेळी मंडळीतलं कुणीतरी बाहेर बसतं. मागच्या महिन्यात सुदर्शन बसला होता, त्याआधी मी. श्रीमंत अजून एकदाही बसलेला नाही.